एक लिटरला चाळीस

स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एसटी धरली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचा एकच जोड होता. बाकी सगळी हत्यारं: प्लगचा पाना, दहा-चौदाचे पाने, फीलर गेज, बारकी विजेरी, लोहचुंबक, शिसपेन्सिल, थोडे कोरे कागद, दोऱ्याचं रीळ, आणि आदल्या दिवशी नाना पेठेतून घेतलेले दोन प्लग आणि पॉइंटचा एक संच. कोल्हापूरच्या पुढे राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात १९७० सालची जावा विकायची आहे, असं कळलं होतं. फोनवरच्या आक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "गाडी चालू हाय. येऊन बघ, मग बोलू." भाव सांगितला नाही, फोटोही पाठवला नाही. मला ते आवडलं. जुन्या गाडीच्या फोटोत दिसतो तो फक्त वरचा रंग, आणि रंग कुणीही परवा मारलेला असू शकतो.

एसटीत झोप येईना. जावा हे नाव मला लहानपणापासून त्या बेटाचंच वाटायचं. ते तसं नाही, हे खूप उशिरा कळलं. फ्रान्टिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवायचा परवाना घेतला. यानेचेकची पहिली दोन रोमन अक्षरं आणि वांडररची पहिली दोन, अशी चार जोडून नाव झालं. तिकडे त्याचा उच्चार 'यावा', आपल्याकडे 'जावा'. पुढे इराणी कुटुंबाने म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली आणि साठच्या दशकात तिथून या गाड्या देशभर जाऊ लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच कारखान्याने नाव बदलून 'येझ्दी' केलं, इराणातल्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जुनी जावा कुणीतरी हट्टाने जगवलेली आहे. मला तसंच एखादं घर शोधायचं होतं, गाडी त्यानंतर.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून रिक्षाने रंकाळा स्टँड गाठला आणि तिथून राधानगरीकडची गाडी पकडली. जानेवारीचा महिना. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच तोडणी झालेली मोकळी शेतं, गुऱ्हाळाचा गोडसर धूर खिडकीतून आत. दीड वाजता गावात पोचले.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे मालक जनावरांचे डॉक्टर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत उभी. पण दर रविवारी नातवाला बोलावून ती सुरू करायचीच, हा आक्कांचा दंडक. दार उघडताच त्या म्हणाल्या, "आदी इंजनाला हात लाव, पोरी. सकाळपास्नं कुणी किक मारल्याली न्हाई. तुज्यासाठी थंड ठेवलीया."

नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रीकाकांनी मला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर तिथून परत फिरायचं, कारण गरम इंजिन आपले दोष झाकतं. सिलिंडरच्या पंखांवर हात ठेवला. दगडासारखे थंड.

कागद आधी पाहिले. मालक गेल्यावर आरसी आक्कांच्या नावावर करून घेतलेली होती. हे काम लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि मग विक्रीच्या वेळी सगळे वारस गोळा करावे लागतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं रीपासिंगही वेळच्या वेळी झालेलं. चासीवर हँडलखाली कोरलेल्या नंबरावर कागद धरून शिसपेन्सिल घासली, मग तसंच इंजिनाच्या नंबरावर. आरटीओत असाच छाप लागतो. काळ्या घासणीतून एकेक आकडा वर आला आणि आरसीशी जुळला. घाव घालून पुन्हा कोरलेला आकडा कागदावर लगेच कळतो, कडा फाटक्या येतात. इथे कडा मऊ होत्या, पन्नास वर्षं झिजलेल्या.

"ते जुन्या गाड्यांचं नवं पासिंग निघालंय, ते करायचं का?" नातवाने विचारलं. २०२१ सालच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. मी म्हटलं, मला ही गाडी भाजी आणायला न्यायची आहे. आक्का पहिल्यांदा हसल्या.

मग पत्रा. मडगार्डवरून लोहचुंबक फिरवला. मागच्या मडगार्डवर तळहाताएवढ्या जागेत तो धरेना, म्हणजे खाली लांबी भरलेली. आक्का दारातून म्हणाल्या, "तिथं रेडकानं शिंग मारलंतं." बाकी सगळीकडे चुंबक टकटक चिकटला. टाकीचं झाकण काढून विजेरी मारली. तळाशी एका कोपऱ्यात तांबूस डाग, पण सुटलेला गंज नाही. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची मला धास्ती आहे. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि उभ्या गाडीची टाकी आतून खातं. इथे टाकी दर रविवारी हालत होती म्हणून वाचली.

नातवाला गाडी सरळ धरायला सांगून मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला, दोन्ही बाजूंनी. चाकं एका रेषेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलली, तेव्हा फोर्कमध्ये हलकी खटखट जाणवली. बुश झिजलेत. ते मिळतात. हँडल सावकाश फिरवलं, मधोमध कुठे अडकलं नाही.

आता जे मागायचं होतं ते मागायला मला धीर होईना. अनोळखी माणसाने दुसऱ्याच्या गाडीचं हेड उघडायचं म्हणजे फार झालं. पण जावाचं हेड चार नटांवर असतं, आणि खरं काय ते त्याखालीच दिसतं. मी विचारलं. आक्का क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उघड. पण नट समोरासमोर सोड, एका अंगानं नगं." हे त्यांना कुठून माहीत, असं मी विचारलंच. "चाळीस वर्सं कंदील कोण धरत हुतं?"

हेड निघालं. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पेट्रोलच्या फडक्याने पुसली आणि खाली उमटलेला आकडा वाचला: ६५.५०. मूळ सिलिंडर ६५ मिलिमीटरचा. पाव-पाव मिलिमीटरने दोनदा बोरिंग झालेलं. पन्नास वर्षांत दोनदाच. सिलिंडरची भिंत बोटाने चाचपली. वरच्या कडेला अगदी पुसट उंबरा, उभे ओरखडे नाहीत. इंजिन कधी तेलाविना जॅम झालं असतं तर ते ओरखडे तिथे राहिले असते. मी तिथे उकिडवी बसून बराच वेळ नुसती पाहत राहिले. हे डॉक्टर कधी भेटले नाहीत मला, पण त्यांनी गाडी कशी हाकली, ते माझ्या बोटाखाली होतं.

हेड बसवलं, नट तिरके-तिरके आवळले. पेट्रोलचा कॉक उघडून कार्बोरेटरवरची पिन दाबली, पेट्रोल ओघळेपर्यंत. जावाचा किकचा दांडा वेगळा नसतो. गिअरचाच लिव्हर आत दाबून उभा केला की तो किक होतो. तिसऱ्या किकला गाडी लागली. खोलीभर निळा धूर, दोन्ही सायलेन्सरांतून सारखा. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. खालून ठोका नाही, कनेक्टिंग रॉड धड. रेस सोडताच आवाज झटकन खाली बसला, म्हणजे डायनामोच्या बाजूचं सील हवा ओढत नव्हतं. क्लचच्या बाजूच्या सीलचं मात्र एवढ्याने कळत नाही. ते फुटकं असेल तर गिअरचं ऑइल हळूहळू इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. गिअर ऑइलच्या लेव्हलचा स्क्रू उघडला, धार नीट आली. नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले. गिअर पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो, ही जावाची खुबी अजून शाबूत होती. सगळं ठीक दिसत होतं.

"रातीला ऱ्हा," आक्का म्हणाल्या. "हिचा दिवा सहा व्होल्टचा. अंधारात हायवेला जाऊ नगंस." जेवणानंतर भाकरीची टोपली उचलून ठेवत त्यांनी कपाटातून जाड वही काढली. "वाचायला देते. ठिवून घ्यायला न्हाई हं."

पहिली नोंद १९७० ची. प्रत्येक पानावर तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल. टू-स्ट्रोकला इंजिन ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीच ओळ: १ लि. = ४० मिलि. मधेमधे 'परिते, म्हैस अडली', 'सरवडे, बैल, खुर', 'हळदी, गाय वाचली'. १९८३ ला पहिलं बोरिंग, १९९७ ला दुसरं. दुपारी पिस्टनवर वाचलेला आकडा इथे दुकानाच्या पावतीसकट चिकटवलेला होता.

शेवटची पानं वाचताना थांबले. गिअर ऑइल भरल्याच्या नोंदी आधी वर्षातून एकदा. शेवटच्या दोन वर्षांत आठशे किलोमीटरला, मग पाचशेला, मग चारशेला. बाहेर थेंबभर गळती नाही, तरी ऑइल कमी होतंय. डाव्या बाजूचं सील. इंजिनाने दुपारी जे सांगितलं नाही ते या अक्षराने सांगितलं. सील बदलायचं म्हणजे डाव्या बाजूचं कव्हर, क्लच, चेन, सगळं उतरवावं लागतं.

सकाळी चुलीपाशी मी आक्कांना ते सांगितलं. त्या चहा गाळत म्हणाल्या, "ठावं हाय की. लांबच्या पल्ल्याला धूर जास्ती करती. मालकांनी करायचं म्हनून ऱ्हायलं. म्हनून तर वही दिली." मग स्वतःहूनच म्हणाल्या, "सीलाचं पैसं तू वजा कर." मी केले नाहीत. भाव इथे लिहीत नाही, तो त्यांचा आणि माझा.

आठ वाजता निघाले. आक्कांनी सीटवरून एकदा हात फिरवला आणि पाठ वळवून आत गेल्या. माझ्या डिकीत त्यांनी बांधून दिलेली गुळाची ढेप आणि टू-टी ऑइलचा डबा.

पंचगंगा ओलांडून हायवेला लागले. पन्नासच्या वर नेली नाही. पेठ नाका, कराड, उंब्रज. ट्रकवाले बाजूने जाताना मान वळवून पाहत होते. कराडला दहा मिनिटं इंजिन थंड होऊ दिलं. उंब्रजच्या पुढे गाडी एकदम खोकली आणि बंद पडली. प्लग काढला तर दोन टोकांमध्ये काजळीचा बारीक पूल झालेला. टू-स्ट्रोकला हे होतं, आणि ऑइल जास्त जळत असेल तर लवकर होतं. सील आपलं म्हणणं सांगू लागलं होतं. नवा प्लग लावला, दुसऱ्या किकला चालू.

मला काळजी होती ती खंबाटकीची. पुण्याकडे येताना बोगद्यापर्यंत चढ आणि बाहेर पडल्यावर एकदम उतार. चढ तिने तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश काढला. खरा धोका उताराला. चारचाकीच्या सवयीने माणूस रेस सोडतो आणि गाडी गिअरमध्ये गडगडत ठेवतो. पण या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पिस्टनला तेल नाही. घाट उतरतानाच अशा गाड्या जॅम होतात. मी दर काही क्षणांनी क्लच दाबून थोडी रेस देत राहिले. खंडाळ्याच्या सपाटीला लागले तेव्हा हाताला घाम सुटला होता आणि इंजिन आपल्या तालात फट-फट करत होतं. त्या सिलिंडरवर पन्नास वर्षांत ओरखडा नाही, तो मला पहिल्या दिवशी पाडायचा नव्हता.

शिरवळला ऊन कलत होतं. नीरा ओलांडली, खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा. दिवे लागायच्या आत घरी.

इंजिन निवल्यावर लेव्हलचा स्क्रू उघडला. धार आली नाही. मापाने थोडं थोडं भरत गेले. स्क्रूतून थेंब दिसेपर्यंत दीडशे मिलिलिटर लागलं. मग आक्कांना फोन केला. पोचले म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "ते कळलं. किती झालं त्ये सांग."

"अडीचशे किलोमीटर. पेट्रोल साडेआठ लिटर. गिअर ऑइल दीडशे मिलि. एक प्लग."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "साडेआठ लिटर," त्या सावकाश म्हणाल्या, लिहिता लिहिता. "म्हंजी टू-टी किती घातलंस?"

"एक लिटरला चाळीस, आक्का."

"व्हय. थांब, लिवते."