कच्चा गडी

जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यात शिट्ट्या कोणाला मिळतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चढाईला जाऊन दोन गडी टिपून जो मध्यरेषेला हात टेकवतो, त्याला. माईकवरचा बोलका गृहस्थ त्याचे नाव, गाव, आळी आणि सवड मिळाल्यास त्याच्या मामाचे गावही सांगून टाकतो. एखादा हौशी पुढारी पाचशेची नोट त्याच्या हातात ठेवतो. मात्र त्याच्या आधीच्याच चढाईत ज्याने समोरच्याचा घोटा धरून त्याला पालथा घातला, तो कोपऱ्यात उभा राहून ढोपराची माती झटकत असतो. ‘तो जाडा’ एवढीच त्याची ओळख. वाचकहो, आजचा हा प्रपंच त्या जाड्यासाठी आहे.

ज्यांनी खेळ नुसता कुंपणाबाहेरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सात गड्यांच्या फळीत दोन टोकांना दोन कॉर्नर, त्यांच्या आत दोन इन, मग दोन कव्हर आणि मधला एक. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर असते. चढाई करणाऱ्याला ती ओलांडावीच लागते आणि ती ओलांडली की तो कॉर्नरच्या तावडीत येतो. कॉर्नरने पाय धरायचा, कव्हरने धावून येऊन वरून दाबायचे, बाकीच्यांनी वाट बंद करायची. यातला पहिला हात चुकला तर उरलेले सहा जण नुसते एकमेकांवर पडतात. आमच्या मैदानावर हे दृश्य फुकट पाहायला मिळते.

या कोपऱ्याची किंमत ज्यांना कळली त्यांनी ती मोजलीही आहे. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई या डाव्या कॉर्नरसाठी २ कोटी ३५ लाख रुपये दिले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्याही आधी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, १९९० पासून एकदाही सुवर्णपदक न सोडलेल्या भारताला उपांत्य सामन्यात इराणनेच २७-१८ असे घरी पाठवले होते. ज्या देशात कुस्ती घराघरात आहे त्या देशाला पाय धरायला वेगळे शिकवावे लागत नसावे. मग जुन्नर-आंबेगावात, जिथे प्रत्येक जत्रेत आखाडा भरतो, तिथे असे कॉर्नर का निपजत नाहीत, हा प्रश्न मला गेले वर्षभर छळतो आहे.

एक कारण मला वजनकाट्यात सापडले. शालेय आणि लहान गटांच्या स्पर्धांना वयाबरोबर वजनाचीही अट असते. अट वाईट नाही. बारक्या पोराच्या अंगावर रेडा सोडू नये, एवढाच तिचा हेतू. पण जो मुलगा चौदाव्या वर्षीच थोराड झाला, हाडापेराने बापासारखा दिसू लागला, तो काट्यावर उभा राहताच बाद. त्याचे मित्र तालुक्याला, जिल्ह्याला खेळून येतात, हा त्यांच्या पिशव्या सांभाळतो. गल्लीतल्या खेळात कच्चे लिंबू असते ते लहान म्हणून. हा मोठा म्हणून कच्चे लिंबू. पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो. म्हणजे त्याच्या अंगाला शोभेल असे मैदान त्याला मिळते ते थेट कॉलेजात आल्यावर, आणि तेव्हा त्याच्याकडे ताकद सोडून दुसरे काहीच नसते. मीही याच चाळणीतून खाली पडलेला असल्यामुळे हे अधिकाराने लिहितो आहे.

आमच्या सरांना हे गणित माहीत आहे. म्हणून खेळाडू हेरायला ते मैदानावर जात नाहीत, प्रवेशाच्या रांगेपाशी उभे राहतात. जून महिन्यात छत्री टेकवून, जणू पावसाला थांबल्यासारखे. चेहरे पाहत नाहीत, पाय पाहतात. पोटऱ्या, टाचा, पंजाची रुंदी. बेल्ह्याच्या बैलबाजारात जाणता शेतकरी खोंड पाहतो तसे. मागच्या जूनमध्ये मी रांगेतल्या मुलांचे अर्ज भरून देत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारले, “तो निळ्या सदऱ्यातला कुठला रे?”

तो आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीतला निघाला. आम्ही पुढे त्याला ‘खांब’ म्हणू लागलो आणि इथेही तेच म्हणेन. सरांनी विचारले, “काय रे, वजन किती?”

“माहीत नाय सर. पन कांद्याची गोणी उचालतो.”

“कबड्डी खेळलास कधी?”

“बघितलीय.”

सर एवढ्यावर खूश झाले. त्यांचे म्हणणे असे की थोडे शिकलेला मुलगा आधी विसरावा लागतो, मग शिकवावा लागतो. ज्याला काहीच येत नाही त्याची निम्मी मेहनत वाचते.

मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट खटकली आणि ती इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. नारायणगावला मजुरांचा अड्डा भरतो. पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांतली माणसे भात उरकून तिथे येतात आणि बागाईतदार अंगापिंडाने धडधाकट पाहून माणसे निवडून नेतात. खांबही दोन वर्षे आईबापाबरोबर तिथे उभा राहिलेला. छत्री टेकवून पाय पाहणारी नजर आणि अड्ड्यावरची नजर यांत फरक काय? मी सरांना तसे विचारलेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, “तिथे माणूस संध्याकाळपर्यंत लागतो. मला तीन वर्षं लागतो.” उत्तर चांगले आहे, पण ते खरे ठरवायचे तर तीन वर्षे द्यावी लागतात, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

१५ जुलै हा शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आमच्याकडे निवड चाचणी झाली. खांबाने पहिल्याच चढाईवाल्याला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळले. एखादा समजेल संपला खेळ. पण घामेजलेले अंग वरून धरले की सुटते. तो गडी याच्या मिठीतून साबणासारखा निसटला आणि जाता जाता आणखी दोघांना शिवून गेला. दुसऱ्या वेळी खांबाने सूर मारला तो थेट अंतिम रेषेबाहेर. तिसऱ्या वेळी आमचाच कव्हर त्याच्याखाली सापडला. तो कव्हर म्हणजे मी. दोन दिवस मी भिंत धरून चालत होतो. मैदानाच्या कडेला हशा पिकला.

सरांनी दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात पाठीमागे गुंतवून ठेवले. तीन आठवडे पकड नाही, फक्त पाय. गुडघ्यात वाकायचे, भार चवड्यांवर, टाच उचललेली. चढाईवाला आला की अर्धे पाऊल मागे, वळला की अर्धे पाऊल पुढे. चुन्याची रेषा डोळ्यांनी पाहायची नाही, ती पायाला कळली पाहिजे. चढाईवाल्याच्या हाताकडे, तोंडाकडे पाहायचे नाही. हात आणि तोंड फसवतात, कंबर फसवत नाही. मग एका पोराच्या घोट्याला टॉवेल गुंडाळून तो नुसता शिवायचा. मग धरायचा. मग धरून खांद्याने मांडी रेटायची. आणि सर्वांत अवघड म्हणजे काहीही न करता उभे राहणे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, म्हणून कॉर्नरने पहिल्या दोनांत उतावीळ व्हायचे नसते. अठरा वर्षांच्या मुलाला ताकद शिकवावी लागत नाही; ती राखून ठेवायला शिकवायला दोन महिने गेले. त्यात आता मोठे सामने मॅटवर होतात. मातीत अनवाणी वाढलेल्या पायाला बूट म्हणजे शिक्षा. त्याच्या मापाचे अकरा नंबरचे बूट नारायणगाव, मंचर धुंडाळूनही मिळाले नाहीत, शेवटी पुण्याहून आणले.

वाचनालयातल्या एका क्रीडा मासिकात मी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलविषयी वाचले. त्यांचा फुटबॉल वेगळा, त्यात पायापेक्षा हाताचे काम अधिक. तिथे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे पाच जणांची भिंत असते. त्यांना लाइनमन म्हणतात. दीडशे किलोच्या घरातली माणसे, चेंडूला सहसा हातही न लागणारी. त्यांचेही नाव गर्दीत कोणी घेत नाही. पण तिथले प्रशिक्षक शाळाशाळा फिरून असे मोठ्या हाडाचे कच्चे मुलगे शोधतात, शिष्यवृत्ती देतात आणि पुष्कळदा पहिले वर्ष सामन्याला न उतरवता नुसते खाऊ-पिऊ घालून, व्यायाम देऊन घडवतात. ‘रेडशर्ट’ म्हणतात त्या वर्षाला, आणि ते खेळायच्या वर्षांतून कापून घेत नाहीत, अशी तिथली चालत आलेली पद्धत. तो लाइनमन आपल्या ८५ किलोंच्या खेळात फार तर मॅट गुंडाळायला उपयोगी पडेल, ही गोष्ट वेगळी. पण ते एक मोकळे वर्ष मला मोहवून गेले. आपल्याकडे मुलगा जुलैत येतो आणि लोक ऑक्टोबरात विचारतात, “काय, चमकला का?”

आणि ऑक्टोबरातच नेमके भात पिकते.

आंतरमहाविद्यालयीन सामने दिवाळीच्या आसपास असतात. पूर्वेकडच्या मुलांची अडचण वेगळी. त्यांच्या वाटेला उसाचे फड आहेत आणि फडात बिबट्या आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत त्यांना सराव सोडून पळावे लागते. खांबाला ऑगस्टपासून वसतिगृहात जागा मिळाली होती, पोटाचा प्रश्न मिटला होता. वर सरांच्या घरचे गूळ-शेंगदाणे. तरी सामन्यांना बारा दिवस असताना तो गावी गेला आणि आलाच नाही. फोनला रेंज नाही. पाचव्या दिवशी सर, मी आणि आमचा कर्णधार डिंभे धरणाच्या कडेकडेने त्याच्या वाडीवर पोहोचलो. खाली ज्या पाण्यात जुने आंबेगाव गेले ते पाणी चमकत होते. वर खाचरात खांब विळा घेऊन ओणवा, टाचा उचललेल्या. सर मला म्हणाले, “बघ, सराव चालू आहे.”

त्याच्या वडिलांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. सरांनी विषय काढला. म्हातारा शांतपणे म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला तुमचा गडी पायजे, मला मपला गडी पायजे. भात खाली झडून चाललंय.”

यावर कोणाजवळ उत्तर होते? सरांनी सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाविषयी सांगितले, पण त्यासाठी राज्य किंवा देशपातळीवर पदक लागते हेही सांगितले. सर खोटे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे बोलणे कधीच फारसे पटवून देत नाही. म्हातारा म्हणाला, “म्हंजी गाडी लांबची हाय.” माझ्या घरीही कॉलेजचे तोंड पाहिलेला मीच पहिला; माझी आई अजून विचारते की पडायला-धडपडायला कॉलेजात कशाला जावे लागते. तेव्हा मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूने होतो आणि सरांच्याही. शेवटी कर्णधाराने सदरा काढून विळा मागितला. रविवारी आणखी सहा जण आले. कापणी झाली, झोडणी झाली, आमच्या तळहातांना फोड आले आणि खांबाच्या आईने आमच्या कापणीला मनसोक्त नावे ठेवली. मंगळवारच्या एस.टी.ने तो आमच्याबरोबर खाली आला.

सामन्यात तो पहिला सबंध डाव बाकावर होता. उपांत्य फेरीत, शेवटची सहा मिनिटे उरली असताना, चार गुणांनी मागे आणि मैदानात तीनच गडी, तेव्हा सरांनी त्याला डाव्या कोपऱ्यात उतरवले. समोरचा चढाईवाला विद्यापीठाच्या संघातला. पहिल्या चढाईला खांब जागचा हलला नाही. दुसऱ्याही नाही. आमच्या बाजूची पोरे ओरडू लागली, “अरे धर की!” तिसऱ्या चढाईला त्या गड्याने शिवायला पाय टाकला आणि घोटा खांबाच्या पंजात अडकला. मी वर पडलो. तीन गड्यांत केलेली पकड म्हणजे अव्वल पकड, तिचे दोन गुण. तरीही आम्ही तो सामना तीन गुणांनी हरलो.

पुढच्या हंगामाला वडिलांनी एका अटीवर होकार दिला आहे: पोरगा सगळ्या विषयांत पास झाला पाहिजे. वजन आता ८१ आहे, त्याची काळजी नाही. इंग्रजी राहिले आहे. म्हणून रोज दुपारी वाचनालयात आम्ही दोघे बसतो. त्याला क्रियापदाचा भूतकाळ सापडत नाही आणि मला तो समजावून सांगता येत नाही. बाकावरही तो वाकून, टाचा उचलून बसतो. ग्रंथपाल बाईंनी दोनदा सांगून पाहिले, नीट बस म्हणून.