मातीचा किल्ला

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. किल्ला म्हटला की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि तोफा उभ्या राहतात. त्यांना सखार्थच्या किल्ल्याचे छायाचित्र दाखवले तर ती विचारतात, "सर, ये तो मिट्टीका ढेर है. किल्ला किधर है?" प्रश्न रास्त आहे. चित्रात गवताने झाकलेले गोल टेकाड, भोवती खंदक आणि काही झाडे, एवढेच दिसते.

सखार्थ हे ठिकाण वेल्समध्ये, इंग्लंडच्या सरहद्दीजवळ आहे. नावातला 'ख' उर्दूतल्या 'खे'सारखा घशातून काढावा लागतो. इंग्रजांना तो जड जातो, आमच्या मुलांना सहज जमतो.

असे किल्ले नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात वेल्समध्ये आणले. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मध्ये रचून टेकाड करायचे, वर लाकडी घर आणि खाली कुंपणाचे आवार. ना गवंडी लागे, ना खाण. पुढे वेल्श सरदारांनीही शत्रूची ही विद्या उचलली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सखार्थच्या टेकाडावर ओवाइन ग्लिन्डूर या वेल्श सरदाराचा लाकडी वाडा होता.

हा वाडा कसा होता, हे योलो गोख नावाच्या कवीने १३९० च्या सुमारास लिहून ठेवले. पाण्याने भरलेला खंदक, त्यावरचा पूल, कौलारू छप्पर, धुराडे, फळबाग, गिरणी, कबुतरखाना, माशांचे तळे, असे सगळे तो सांगतो. पण त्याला खरे कौतुक आहे ते निराळ्याच गोष्टीचे. या घराला कुलूप म्हणून क्वचितच दिसते आणि येथे कोणी उपाशी राहत नाही, असे तो म्हणतो. आश्रित कवी धन्याची स्तुती करणारच. उर्दू कसीदे वाचलेल्यांना हे सांगायला नको. पण स्तुतीसाठी त्याने उघडे दार आणि भरले ताट निवडले, हे आम्हाला मोलाचे वाटते.

१४०० साली ओवाइनने इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारले. मे १४०३ मध्ये राजपुत्र हेन्री सैन्य घेऊन सखार्थवर आला. ओवाइन सापडला नाही. हेन्रीने वाडा जाळला आणि तसे पत्र पाठवून कळवले. हाच पुढे पाचवा हेन्री म्हणून शेक्सपिअरच्या नाटकाचा नायक झाला. तेव्हा तो आमच्या दहावीतल्या मुलांएवढा होता! १९६२-६३ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा टेकाडावर लाकडी इमारतींच्या खुणा सापडल्या.

वेल्समध्ये कानार्वन, कॉन्वी, हार्लेख असे भक्कम दगडी किल्लेही आहेत. १९८६ पासून ते जागतिक वारसा मानले जातात. पण ते जिंकणाऱ्या पहिल्या एडवर्ड राजाने, जिंकलेल्यांना धाकात ठेवण्यासाठी बांधलेले. जिंकणाऱ्याचा दगड राहिला, हरणाऱ्याचे लाकूड जळले. हेन्रीचे ते पत्र फ्रेंचमध्ये होते. त्या काळी इंग्लंडच्या दरबारी मंडळींची ती भाषा होती. इंग्लंडमधून ती भाषा केव्हाच उठून गेली. योलोची कविता मात्र वेल्शमध्ये आहे. हाताने नकला करत करत लोकांनी ती जपली, आणि वेल्श अजून बोलली जाते.

ते आपोआप झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. पुढे १९३९ मध्ये अबेरिस्टविथला वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, ती सात मुलांवर. आमच्याकडे पटावर सात मुले म्हणजे शाळा बंद करण्याची तयारी! २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श येते असे नोंदवले.

जळालेल्या घराचे दार, तळे आणि फळबाग वेल्समधल्या मुलांना आजही त्यांच्याच भाषेत वाचता येते. ती वाचता येईपर्यंत ते टेकाड नुसता मातीचा ढीग नाही. म्हणून वर्गात हजेरी घेताना, पट कितीही लहान असला, तरी आम्ही प्रत्येक नाव सावकाश आणि पूर्ण उच्चारतो.