‘हो’सुद्धा बदलतं!

ब्रुजला निघण्याआधी मी पुस्तकावरून थोडी डच शिकून घेतली होती. पण बेल्जियमच्या या कोपऱ्यात, बुधवारच्या बाजारात, कानावर पडते ती वेस्ट-फ्लेमिश. डचमध्ये घर म्हणजे ‘हाउस’सारखं काहीतरी. इथे ‘ह’ गळतो आणि ऐकू येतो चक्क ‘ऊस’! ओठ ‘ऊ’चे करायचे अन् म्हणायचं ‘ई’, की जमतं. ‘टैट’ म्हणजे वेळ, त्याचा होतो ‘टीट’. ही अशुद्ध डच नव्हे बरं का! उलट जुने स्वर इथेच टिकले, पुस्तकी भाषेतले पालटले. काट्याला मात्र ‘फर्शेट’, फ्रेंचांकडून आलेला.

खरी गंमत होकाराची. आपलं ‘नाही’ बदलतं ना, तू नाहीस, ते नाहीत? इथे ‘हो’ बदलतं! “भूक लागली?” “यॉक.” म्हणजे हो, मला. “ती आली?” “यॉस.” म्हणजे हो, ती.

युनेस्कोच्या २०१०च्या नकाशात ही बोली धोक्यात आलेल्या भाषांमध्ये आहे. बाजारातल्या भाजीवाल्या आजी गिऱ्हाइकांशी खणखणीत ‘यॉक-यॉस’ करत होत्या. शेजारी नातू उभा होता. त्याच्याशी बोलताना मात्र त्या जपून, शाळेतली डच बोलल्या.