हातांचे शिक्षण

आपल्या व्यापारी घरांमध्ये शिक्षण आणि धंदा यांची एक ठरावीक वाटणी झालेली असते. पदवी हाती आली की शिक्षण संपले आणि गादीवर बसले की धंदा सुरू झाला. त्यानंतरही कोणी वही घेऊन वर्गात जाऊन बसू लागला, तर त्याचे पहिले शिक्षण कच्चे राहिले असावे, अशी शंका वडीलधाऱ्यांना येते. माझ्या पुतणीच्या बाबतीत आमच्या घरात नेमकी हीच शंका निघाली, आणि निवृत्त बँक अधिकारी म्हणून तिचा निवाडा माझ्याकडे आला.

पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. साडेचार वर्षांची पदवी, दोन वर्षे रुग्णालयात नोकरी आणि त्यानंतर सांगलीत स्वतःचे उपचार केंद्र. केंद्र उत्तम चालते. मान, कंबर, गुडघे यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत आपल्या बाजारपेठेतील मंडळीच अधिक, कारण दिवसभर गादीवर बसण्याचे व्याज शरीर उतारवयात वसूल करतेच. असे असताना गेली चार वर्षे ती वर्षातून एक-दोनदा केंद्र बंद ठेवून परगावी चार-चार दिवसांच्या प्रशिक्षणाला जाते. विषय आहे ‘व्हिसरल मॅनिप्युलेशन’, म्हणजे पोटातील व छातीतील अवयव आणि त्यांना धरून ठेवणारी आवरणे यांवर बाहेरून हाताने करावयाचा अत्यंत हलका उपचार.

तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू अण्णा, हळदीचे अडत व्यापारी. त्यांचा हिशेब सरळ होता. शुल्क, प्रवास, मुक्काम हे तीन खर्च दिसतात. बंद केंद्राचा बुडालेला धंदा हा चौथा खर्च दिसत नाही, पण तोच मोठा. “चार दिवस दार बंद म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दारात,” असे म्हणून त्यांनी मला सांगितले, “तू तिला समजाव.” कर्जाच्या अर्जावर शेरा मारण्यापूर्वी प्रकल्प समजून घ्यायचा, ही माझी जुनी सवय. म्हणून मी आधी पुतणीसमोर विद्यार्थ्यासारखा बसलो.

तिने सांगितलेला पाया असा. आपले अवयव पोटात भरून ठेवलेल्या मालासारखे स्थिर नसतात. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल खाली उतरते आणि त्याबरोबर यकृत, जठर, मूत्रपिंडे हीही खाली सरकतात. उच्छ्वासाबरोबर पुन्हा वर येतात. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसाला २१,६०० वेळा ही ये-जा होते. ती निर्वेध व्हावी म्हणून अवयवांवर गुळगुळीत पातळ आवरण आणि त्यात थोडासा द्रव असतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा दाह झाल्यानंतर ही आवरणे काही ठिकाणी एकमेकांना चिकटतात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या पोटात असे चिकटलेले पापुद्रे तयार होतात. अनेकांना त्यांचा त्रास होत नाही, काहींना होतो. इथवरचे सारे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे.

यापुढचा भाग झाँ-पिएर बाराल या फ्रेंच उपचारकाचा आहे. ग्रेनोब्ल येथील फुप्फुसरोगांच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना त्यांना एक रुग्ण भेटला. एका म्हाताऱ्या माणसाने पोटात काहीतरी दाबले आणि आपली पाठदुखी हलकी झाली, असे त्याने सांगितले. बाराल यांच्या शोधाचा आरंभ तेथून झाला, असे त्यांच्या चरित्रात दिले आहे. पुढे पिएर मर्सिए यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८३ साली फ्रेंचमध्ये आणि १९८८ साली इंग्रजीत आला. मुळाशी विचार ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली कर्क्सव्हिल गावी ज्या शास्त्राची पहिली शाळा काढली त्याचा. अवयवाची सरक अडली तर शरीर त्या जागेभोवती स्वतःला आखडून घेते, त्यातून पाठ, खांदा, कंबर दुखू शकते, आणि योग्य जागी हलका ताण दिल्यास ती सरक सुधारते, असे बाराल यांचे प्रतिपादन आहे.

प्रशिक्षणाचे टप्पे आहेत. आरंभी पोट, त्यानंतर ओटीपोट, छाती असे पुढे जावे लागते. शिकणारे जोडीजोडीने एकमेकांच्या पोटावर हात ठेवून शिकतात. दाबायचे नाही, चोळायचे नाही. हात नुसता ठेवायचा आणि खालच्या ऊती त्याला कोठे ओढून नेतात याची वाट पाहायची. याला ते ‘ऐकणे’ म्हणतात. पुतणी म्हणाली, “काका, नऊ वर्षे मी हातांनी बोलत होते. आता त्यांना गप्प बसायला शिकवते आहे.”

हे वाक्य मी अण्णांना सांगितले, तेव्हा ते हसले. पण मला मात्र आमच्या वडिलांचा हात आठवला. हळदीच्या सौद्यात ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालीत, चार हळकुंडे बाहेर काढीत, त्यातले एक मोडून त्याचा आवाज ऐकत. नीट वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत वाजते, ओलसर असेल तर आवाज मऊ येतो. मग आतला रंग पाहून भाव बोलत. हे त्यांना कोणत्या शाळेने शिकविले नव्हते, आणि हे शिक्षण त्यांनी कधी संपल्याचेही म्हटले नाही. दरवर्षी पाऊस वेगळा, माल वेगळा, म्हणून दरवर्षी हात नव्याने लावावा लागे. शिकलेला हात म्हणजे काय, हे आपल्या समाजाला परक्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एकाच पोत्यात दोन जाणत्या व्यापाऱ्यांनी हात घातला, तर दोघांचा अंदाज जुळला पाहिजे. जुळत नसेल तर वाद मिटविण्यासाठी माल प्रयोगशाळेत जातो. ओलावा किती, कर्क्युमिन किती, हे तेथे आकड्यांत ठरते. हाताच्या ज्ञानाला हा ताळा हवाच. व्हिसरल मॅनिप्युलेशनचा असा ताळा कोणी घेतला आहे काय, असे मी पुतणीला विचारले. मला वाटले होते ती माहितीपत्रक पुढे करील. तिने संशोधन लेख पुढे केले, आणि ते तिच्या बाजूचे नव्हते.

२०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. दोन उपचारकांच्या हातांना एकाच रुग्णात एकच दोष सापडतो याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. उपचाराने गुण येतो याचाही नाही. त्यापूर्वी २०१५ साली ऑस्ट्रेलियातील एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. कंबरदुखीच्या ६४ रुग्णांना नेहमीची फिजिओथेरपी दिली. काहींना तिच्या जोडीला हा उपचार, तर उरलेल्यांना त्याचा नुसता आभास. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. वर्षानंतर उपचार घेतलेल्या गटाची वेदना काहीशी कमी आढळली. पण एवढ्याशा एका चाचणीवरून पक्की इमारत उभी राहत नाही.

“हे सारे वाचूनही तू जातेस?” मी विचारले.

“म्हणूनच तर सावधपणे जाते,” ती म्हणाली. “पोट कसे तपासावे, कोणत्या पोटाला हात लावू नये, हे मला तिथे दरवेळी अधिक नीट कळते. बाकीचे खरे ठरेल तेव्हा ठरेल.”

यातला ‘कोणत्या पोटाला हात लावू नये’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. कारण नसताना वजन उतरणे, ताप, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, शौचावाटे रक्त, पोटात नाडीसारखी उडणारी गाठ यांपैकी काहीही आढळले, तर हात बाजूला घ्यायचा आणि रुग्णाला तत्काळ डॉक्टरांकडे पाठवायचे. पाठदुखीचे मूळ कधी कधी पाठीत नसतेच, ते रोगग्रस्त अवयवात असते; आणि असा अवयव हाताने बरा करण्याचा प्रयत्न म्हणजे रुग्णाचा मौल्यवान वेळ घालविणे.

आमच्या घरात याची प्रचीती आली. सौ.ची पित्ताशयाची शस्त्रक्रिया फार वर्षांपूर्वी, पोट उघडून करण्याच्या काळात झाली होती. उजव्या फासळ्यांखाली लांब व्रण आहे. गेली काही वर्षे तेथे ओढ लागे आणि उजवी पाठ भरून येई. नात्यातल्या लग्नात पंगतीला खाली बसणे तिने सोडले, आणि नातवाला उचलून घेणेही. पुतणीकडे गेल्यावर तिने पहिल्या भेटीत हातच लावला नाही. तासभर प्रश्न विचारले, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून डॉक्टरांचे मत आणावयास सांगितले. सौ. काहीशी नाराज झाली. घरचीच मुलगी आणि एवढा सोपस्कार! अहवाल निर्दोष आले, तेव्हा उपचार सुरू झाला. व्रणाच्या भोवती, फासळ्यांखाली हलका हात. जोडीला श्वसनाचे व्यायाम आणि रोज अर्धा तास चालणे.

सहा भेटींनंतर ओढ बरीच कमी झाली. नातू पुन्हा कडेवर आला. त्या दिवशी सौ.च्या चेहऱ्यावर जे मी पाहिले, त्याची नोंद कोणत्याही खतावणीत मावणार नाही.

आता कथा उलटी फिरली. ज्या अण्णांना हे शिक्षण उधळपट्टी वाटत होते, त्यांनीच केंद्रावर नवी पाटी लावण्याचा प्रस्ताव मांडला: ‘पोट व पाठीच्या जुनाट विकारांवर खात्रीशीर इलाज’. मजकूर तयार, पेंटरला निरोपही गेला होता. पुतणीने शांतपणे नकार दिला. “अण्णा, काकूंना बरे वाटले हे खरे. पण माझ्या हाताने वाटले, चालण्याने, श्वासाच्या व्यायामाने, की अहवाल चांगले आल्याने मनावरचा भार उतरला म्हणून, हे मला सांगता येत नाही. जे मला ठाऊक नाही ते पाटीवर कसे लिहू?”

अण्णा चिडले. “गुण आला ना? मग कारण कशाला हवे?”

येथे मला माझी बँक उपयोगी पडली. रक्कम जमा झाली, पण ती कोणत्या खात्याची आहे हे कळले नाही, तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकीत असू. ती नाकारायची नाही, कारण पैसे खरोखर आलेले असतात. आणि सोईच्या खात्यावर चढवायचीही नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हक्काचा पैसा असू शकतो. कागदपत्र मिळेपर्यंत तेथेच ठेवायची आणि शोध चालू ठेवायचा. मी अण्णांना म्हटले, “सौ.चे बरे होणे ही खरी जमा आहे. ती कोणाच्या नावे, हे अजून ठरलेले नाही. तुझी मुलगी ती स्वतःच्या खात्यावर घ्यायला नकार देते आहे. बँकेत अशा माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतात.” अण्णा काही बोलले नाहीत. पेंटरला पुन्हा निरोप गेला तो पाटी नको, असा.

वाचकांना माझी विनंती एवढीच. आपल्या घरातील वृद्धांना हस्तोपचार करणाऱ्याकडे नेताना गर्दी पाहू नका, भिंतीवरील प्रमाणपत्रेही मोजू नका. मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी आहे काय, हे अवश्य विचारा. मग विचारा की आपण कोणाला उपचार देत नाही आणि डॉक्टरांकडे कधी पाठविता. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी तयार आहे, त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने चालू आहे. औषधे आपल्या मनाने बंद करू नका. आणि खात्रीचा शब्द देणाऱ्यापासून चार पावले दूरच राहा. खात्रीचे व्याज देणाऱ्या पेढ्यांनी आपल्या समाजाला काय शिकविले, ते सांगावयास नको.

पुतणी पुढील महिन्यात छातीच्या टप्प्यासाठी जात आहे. केंद्र चार दिवस बंद राहील. दारावर लावावयाची सूचना या वेळी अण्णांनी स्वतः लिहून दिली आहे: ‘डॉक्टर शिकण्यासाठी परगावी गेल्या आहेत.’ पुतणीने त्यातला ‘डॉक्टर’ हा शब्द तेवढा खोडून ‘फिजिओथेरपिस्ट’ असे केले, आणि सूचना तशीच लागणार आहे.