खंबावती

लता मंगेशकरांनी शास्त्रीय गाण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम केला तो आमच्या सोलापुरात, ९ सप्टेंबर १९३८ ला. नववं वर्ष पुरं व्हायला अजून काही दिवस होते. सोलापूरची मंडळी मास्टर दीनानाथांना गाण्याचं आमंत्रण द्यायला आली, तेव्हा 'मीही गाणार' म्हणून ती हटून बसली. कुठला राग म्हणशील, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली खंबावती. शिवाय बाबांच्या नाटकातली दोन पदं. आधी ती गायली, मग दीनानाथ गायला बसले, आणि त्यांचं गाणं रंगात आलेलं असताना ती तिथंच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. हे सारं लताबाईंनीच पुढं सांगितलेलं आहे.

मला ते पहिल्यांदा सांगितलं माझ्या गाण्याच्या बाईंनी. शुक्रवार पेठेत त्यांचा क्लास होता. खंबावती शिकवायला घेतला की बाई आधी ही गोष्ट सांगत आणि मगच पेटीला हात लावत. गोष्ट ऐकून आम्हा मुलींना वाटायचं, नऊ वर्षांच्या मुलीने म्हटलेला राग, तो काय अवघड असणार! मग बाई 'ग म सा' म्हणायला लावायच्या. खमाज थाटातला हा राग, रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा, मैफलीत क्वचितच ऐकू येणारा. त्याची सगळी ओळख या तीन स्वरांत आहे. गंधारावरून मध्यमाला जायचं आणि मधल्या रिषभाला न शिवता थेट षड्जावर यायचं. गळा सवयीने रिषभावर टेकतोच. टेकला, की खंबावती गेला. बाई हात वर करायच्या, 'परत'. अंधार पडेस्तोवर तेवढंच चालायचं. ते तीन स्वर एकदाचे जागेवर बसले तेव्हा मला त्या मुलीविषयी वाटणारं कौतुक पार बदललं. वडिलांच्या नावावर टाळ्या घेता येतात. 'ग म सा' घेता येत नाही.

वडील म्हणजे कोण, तर महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला गायक नट. १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. पुढं बोलपट आले, तेव्हा चित्रपटातही उतरले. १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध' मध्ये स्वतः काम केलं आणि त्या व्यवसायात कंपनी बुडाली. मुलीचं लता हे नावसुद्धा त्यांच्याच एका भूमिकेतून आलेलं, 'भावबंधन' मधली लतिका. त्या घरात गाणं आणि नाटक अशा दोन वेगळ्या खोल्याच नव्हत्या. 'सौभद्र' चा नारद आजारी पडला, तर हीच चिमुरडी नारद होऊन उभी राहिली. समोर अर्जुन वडील. चंद्रकांत गोखले दीनानाथांकडे गाणं शिकत होते. एकदा ते रियाज करत असताना पलीकडं खेळणाऱ्या लताने येऊन त्यांचा स्वर सुधारला, आणि ते दीनानाथांच्या कानावर पडलं. चंद्रकांत गोखले हेही कलावंताच्याच पोटचे. त्यांच्या आई कमलाबाई, दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर' मधल्या नायिका. चुकलेला मुलगा पुढं मोठा नट झाला, सुधारणारी मुलगी गायिका.

हा फाटा कुठं फुटला, हा प्रश्न मला विशीपासून छळतो आहे. कारण मीही दोन्ही करत होते. सकाळी बाईंचा क्लास, संध्याकाळी तालीम. राज्य नाट्य स्पर्धेत हुतात्मा स्मृती मंदिरात काम केलं, त्या रात्री घरी आल्यावर आत्या म्हणाली, "गळा देवाने दिलाय ना गं तुला? मग तोंड कशाला रंगवतीस?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पण घरात, क्लासात, तालमीत सगळ्यांचं म्हणणं एकच: काहीतरी एक धर. आणि दाखला कोणाचा? लताबाईंचा. त्यांनी बघ अभिनय सोडला.

सोडला खरा, पण कसा, हे कोणी बघत नव्हतं. २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ गेले. लताबाईंना तेरावं चालू होतं, पाठीवर चार भावंडं. सिनेमे काढणाऱ्या मास्टर विनायकांनी हात दिला आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' मध्ये ती पडद्यावर दिसली. सिनेमासाठी तिच्या भुवया कोरल्या, तेव्हा ती रडली. दिव्यांची ती धग, तोंडावरचा रंग, कोणीतरी सांगायचं आता हस, आता रड. यातलं काहीच आवडलं नाही, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या. तरी 'माझं बाळ', 'गजाभाऊ', 'बडी माँ' असे सिनेमे करत राहिल्या, कारण घर चालवायचं होतं. १९४७ मध्ये विनायकही गेले. तोवर पार्श्वगायनाची पद्धत रुळली होती, आवाजाचे पैसे वेगळे मिळू लागले होते, म्हणून तिला तोंड न रंगवता जगता आलं. दहा-पंधरा वर्षं आधी जन्मली असती तर गाण्यासाठी नटी होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आवडनिवड होतीच, पण तिला वाट मिळाली ती यंत्रामुळं. हे मी आत्याला समजावून सांगायचे. तिला ते पटल्याचं आठवत नाही.

या गोष्टीतला मला सर्वांत हलवून टाकणारा भाग पुढचा आहे. मास्टर विनायकांची मुलगी नंदा. वडील गेले तेव्हा ती लताबाईंपेक्षाही लहान, आणि तिनेही बेबी नंदा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहून घर सावरलं. १९६१ च्या 'हम दोनो' मध्ये जयदेवांनी बांधलेलं, सर्वांना ठाऊक असलेलं ते भजन पडद्यावर नंदा म्हणते आणि आवाज लताबाईंचा. दीनानाथांच्या मुलीचा गळा, विनायकांच्या मुलीचा चेहरा. दोन बापांच्या पश्चात दोन पोरींनी वाटून घेतलेलं काम एका पदरात एकत्र आलं. ते भजन बघताना (ऐकताना नव्हे, बघताना) नंदाच्या मिटलेल्या पापण्यांकडं लक्ष द्यावं. आणि मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकावा. त्या आवाजात भूमिका आहे. ती बाई अभिनय सोडून गेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा ऐकावं.

सोलापूरचा दुसरा धागा रामजोशींचा. हा शाहीर आमच्या गावचा, जोशीपणाच्या घरातून उठून फडात गेलेला. राजकमलने १९४७ मध्ये त्याच्यावर 'लोकशाहीर रामजोशी' काढला; गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत, बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर, आणि रामजोशी झाले जयराम शिलेदार. स्वतः गाणारा नायक. सिनेमा तुफान चालला. असा नट पुढं सिनेमातच राहील असं वाटेल. जयरामबापूंनी १९४९ मध्ये पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली, जयमालाबाईंशी लग्न केलं, आणि दोघांनी हयात संगीत नाटकाला वाहिली. मुली दोन, लता आणि कीर्ती. लता म्हणजेच पुढच्या दीप्ती भोगले.

कीर्ती शिलेदारांचं 'स्वयंवर' मी पुण्यात शिकायला असताना पाहिलं. पद संपलं, वन्समोअर आला. मी दम धरून बसले होते, कारण वन्समोअरला भूमिका तुटते हे मी अनेकदा पाहिलेलं. त्या प्रेक्षकांकडं वळल्या नाहीत. रुक्मिणीची नजर जिथं होती तिथंच राहिली, पदराचं टोक बोटात तसंच, आणि दुसऱ्यांदा घेतलेली तान पहिल्यापेक्षा आखूड. मैफलीत कोणी तान आखूड करत नाही. रुक्मिणीला पुढचं वाक्य बोलायचं होतं, म्हणून केली. हातात आलेली टाळी सोडून द्यायला किती मोठं शिक्षण लागतं! ते आईवडिलांकडून आणि नीलकंठबुवा अभ्यंकरांकडून त्यांना मिळालं होतं. एक धर, असं त्या घरात कोणी म्हटलंच नसेल, कारण तिथं धरायची गोष्ट एकच होती. याची किंमतही त्यांनी मोजली. संगीत नाटकाचा प्रेक्षक आटत गेला, तरी त्या दौऱ्यांवर जात राहिल्या, नव्या मुलांना उभं करत राहिल्या. २०१८ मध्ये नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. जयमालाबाईंनाही तो मान मिळालेला होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये लताबाईंनी सोलापूरच्या त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो लोकांना दाखवला आणि आपल्या गाण्याला ८३ वर्षं झाली, असं लिहिलं. आमच्या गावात तो फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर दिवसभर फिरत होता. बाई तोवर गेल्या होत्या. पुढं २२ जानेवारी २०२२ ला कीर्तीताई गेल्या आणि ६ फेब्रुवारीला लताबाई. दुसऱ्या बातमीपुढं पहिली मागं पडली, याचं मला फार वाईट वाटलं. संगीत नाटकाचं तेवढं नुकसान झालं आणि लोकांना शोक करायला पुरते पंधरा दिवसही मिळाले नाहीत.

आता मी शिकवते. माझी एक विद्यार्थिनी बालनाट्यात काम करते, तिची आई परवा येऊन म्हणाली, "मावशी, तिला जरा सांगा, दोन्ही डगरींवर पाय नको म्हणून." मुलगी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिच्या आईला विचारलं, तालीम किती वाजता असते? सहा म्हणाली. मग क्लास सकाळी साडेसहाला ठेवू म्हटलं, आणि नाटकात तिला पद असेल तर त्याचे कागद घेऊन यायला सांगितलं, ते इथंच बसवू.