औषधाच्या चिठ्ठीवरची वेळ

गेली सत्तावीस वर्षे मी नाशिकमध्ये जनरल प्रॅक्टिस करीत आहे. ‘रोज अर्धा तास चालत जा’ हे वाक्य या काळात किती रुग्णांना ऐकवले, याची गणती नाही. चार वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘डॉक्टर, राग मानू नका, पण आपण स्वतः केव्हा चालता?’’

मी हसून विषय बदलला. माझ्या स्वतःच्या रक्ततपासणीचा अहवाल त्या वेळी टेबलाच्या खणात पडून होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ६.३ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांनी तो ओलांडलेला मी पाहिला होता. अखेरच्या दिवसांत त्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमेचे ड्रेसिंग मीच करीत असे. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही मी चालत नव्हतो.

‘वेळ मिळत नाही’ ही सबब माझ्याजवळ तयार असे. पण याच शहरातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, एक भूलतज्ज्ञ आणि दुसरे दंतवैद्य, यांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली होती. व्यवसाय सांभाळून त्यांनी सराव केला, हे वाचून मी भारावलो आणि सायकल विकत आणली. अकरा दिवस चालवली. पुढे तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. दोष त्यांच्या प्रेरणेचा नव्हता. दुसऱ्याच्या पराक्रमाने आलेला उत्साह पहाटेच्या गजरापर्यंत टिकत नाही, एवढे मात्र मला कळले.

पुढच्या भेटीत त्या सरांना मी खरे ते सांगून टाकले. ते म्हणाले, ‘‘मग उद्या सहा वाजता गोल्फ क्लब मैदानाच्या फाटकाशी या. मी थांबतो.’’

डिसेंबर महिना होता. नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या वेळी पांघरूण दूर सारणे म्हणजे काय, हे सांगायला नको. मला उठवले ते आरोग्याच्या काळजीने नव्हे. सत्तरी ओलांडलेला एक माणूस कानटोपी घालून अंधारात आपली वाट पाहत उभा असेल, या संकोचाने मी उठलो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांतच धाप लागली. अर्ध्या तासाची मजल गाठायला महिना गेला. गोडी लागली ती त्यानंतर. आधी मन तयार होईल आणि मग पाऊल पडेल, अशी वाट मी वर्षानुवर्षे पाहिली होती; प्रत्यक्षात पाऊल आधी पडले आणि मन मागून आले.

खंडही पडला. आईच्या आजारपणात तीन आठवडे मैदान दिसले नाही. परत जाताना अपराधी वाटत होते. सरांनी हिशेब विचारला नाही. नुसते ‘‘चला’’ म्हणाले. खंड पडला म्हणून सारेच सोडून देणारे रुग्ण मी रोज पाहतो. त्यांना असा ‘चला’ म्हणणारा कोणीतरी हवा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही इतपत वेग. ही मिनिटे तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातली साखर वापरतात. मात्र छातीत दुखत असेल, हृदयविकार असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

वर्षभराने माझी एचबीएवनसी ५.८ झाली. वजन तीनच किलो उतरले. संध्याकाळची फरसाणाची बशीही मी बंद केली होती, त्यामुळे सारे श्रेय चालण्याला देता येणार नाही.

आता औषधांच्या चिठ्ठीवर खाली मी तीन ओळी मोकळ्या सोडतो: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. त्या रुग्णानेच भरायच्या. घरोघरी पोळ्या करणाऱ्या एका बाईंनी लिहिले, ‘दुपारी चार, गच्ची, सासूबाई.’ सासूबाईंचा रक्तदाब मीच तपासतो. त्यामुळे ओळ खरी ठरल्याचे मला दोन्हीकडून कळते.

सरांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. आता ते काठी टेकत सावकाश येतात. फाटकाशी आधी मी जाऊन थांबतो.