सहा सुताचा बार

बार हा शब्द वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये. ही एका पोलादी सळईची गोष्ट आहे. मोटारीच्या खाली आडवी बसणारी, दोन्ही टोकं वळवलेली सळई. अमेरिकेत तिला स्वे बार म्हणतात, विलायतेत अँटी-रोल बार आणि चिपळूणला माझ्या गॅरेजमध्ये नुसतं स्टॅबिलायझर. आमच्या भाबीने पहिल्यांदा ‘बार लावायचा आहे’ हे ऐकलं तेव्हा तिनेही ‘या अल्ला’ म्हणून कपाळाला हात लावला होता.

मोठे भाई १९६७ साली बर्मिंगहॅमला गेले आणि मोटारींच्या कारखान्यात लागले. मी मागे राहिलो. मुंबई-गोवा रस्त्याला गॅरेज टाकलं आणि तीस वर्षं ॲम्बॅसेडर टॅक्सी दुरुस्त केल्या. भाई कोरोनाच्या दिवसांत गेले. मला मातीला जाता आलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात गेलो तेव्हा घरात भाबी होती, पुतण्या होता आणि गॅरेजमध्ये कापडाखाली झाकलेली भाईंची गाडी होती.

गाडी १९७२ सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. पुतण्याने बॉनेट उचललं आणि मला हसूच आलं. आमच्या ॲम्बॅसेडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याच बी-सिरीज घराण्यातलं हे १७९८ सीसीचं. परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसं झालं. मागे तर ओळखीचंच सगळं: एकसंध ॲक्सल आणि त्याला धरून दोन बाजूंना पाटे.

पुतण्याची तक्रार अशी की वळणावर गाडी कलते आणि तोंड बाहेर ओढते. त्यावर उपाय त्याने माळ्यावरून काढला. पुठ्ठ्याचा लांब खोका. आत मागच्या बाजूला बसवायचा बार जसाच्या तसा, बुशांची पिशवीही न फोडलेली. “अब्बांनी आणलेला. बसवायचा राहून गेला,” तो म्हणाला. मग खोक्याच्या झाकणावर बोट ठेवून विचारलं, “चाचा, ह्यावर काय लिवलाय?”

पुतण्या घरातली बोली बोलतो, पण मराठी वाचता येत नाही. झाकणावर भाईंचं अक्षर होतं. बॉलपेनने, तिरकं: ‘मागे जड होतो. पावसात नको. परत पाठवणे.’

मी वाचलं आणि म्हणालो, “तारीख आणि किंमत आहे.”

असं का बोललो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्याचा चेहरा पाहून, हे एक कारण. बापाचं अर्धं राहिलेलं काम आपल्या हाताने पुरं होणार, या खुशीत तो होता. पण दुसरं कारणही लपवत नाही. बारा दिवस झाले होते, मी सोफ्यावर बसून चहा पीत होतो. गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली होती. माझ्या हाताला काम हवं होतं.

तीन शनिवार लागले. मागची चाकं उचलली, घोड्या लावल्या. बारचा मधला भाग दोन कंसांनी सांगाड्याला आणि टोकं लिंकने ॲक्सलखालच्या, पाटे धरणाऱ्या पट्ट्यांना, अशी त्या बारची बैठक. त्यासाठी सांगाड्याच्या पोकळ पेटीला चार भोकं पाडावी लागली. पन्नास वर्षांच्या पत्र्याला ड्रिल लावताना छाती धडधडते. आतून गंजलेला निघाला तर? नाही निघाला, भाईंनी गाडी जपली होती. उघड्या कडांना जस्ताचा रंग दिला, बुशांना ग्रीस भरलं. पुतण्या घाईत सगळे नट आवळायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर बार आधीच पिळलेला राहतो. गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आलं की शेवटचा आवळा. दुसऱ्या शनिवारी एक बाजू पूर्ण खाली सोडून पाहिलं, तर बार ब्रेकच्या पाइपला टेकत होता. कंस अर्धा इंच सरकवला, म्हणून तिसरा शनिवार. विलायतेत चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना, त्यात मोठे फेरबदल केलेले नसतील तर, मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे आमचं काम तपासणारा तिसरा माणूसच नव्हता. विमा कंपनीला तेवढं पुतण्याने कळवलं.

आता भाईंनी जे तीन शब्दांत लिहिलं होतं, ते जरा उलगडून सांगतो. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, गतिरोधकावर जातात तशी, तर बार बुशांत नुसता फिरतो, काही करत नाही. वळणावर गाडी एका अंगाला कलते, तेव्हा तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. पण हे फुकट होत नाही. आतल्या चाकावरचं वजन तो बाहेरच्या चाकावर टाकतो, आणि टायरचा स्वभाव असा की दुप्पट वजन दिलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या टोकाचा बार ताठ, त्या टोकाची पकड आधी सुटते. १९७२ च्या एमजीबीला कंपनीचा बार फक्त पुढे आहे. तोंड जरा बाहेर ओढतं, चालवणाऱ्याला ते कळतं, तो वेग कमी करतो. मागचा बार कंपनीने १९७६ मध्ये दिला, तो का? तर १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांसाठी रबरी बंपर लावून गाडी उंच केली आणि ती फार कलू लागली, म्हणून. आमच्या गाडीला तो आजारच नव्हता.

शिवाय हा बार सहा सुताचा, म्हणजे पाऊण इंची. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पाच सुताऐवजी सहा सूत घेतलं तर सळई दिसायला किंचित जाड, पण दुपटीने ताठ. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पहिली फेरी कोरड्या रस्त्यावर झाली. गाडी सपाट वळली, रुळावर असल्यासारखी. पुतण्या मोठ्याने हसला, हुबेहूब भाईंसारखा. मीही विसरलो झाकण.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडला. तिथल्या चौकातल्या गोल चक्करवर आम्ही शिरलो, वेग फार नव्हता. समोर सायकलवाला दिसला म्हणून पुतण्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. वजन पुढे गेलं, मागचं अंग हलकं झालं आणि शेपूट सुटली. कुंभार्ली घाटात मी घसरणाऱ्या गाड्या पाहिल्या आहेत, पण ही इतक्या गुपचूप गेली की ओरडायलाही वेळ मिळाला नाही. गाडी फिरून आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. मागचं चाक फुटपाथच्या कडेला आपटलं होतं. सायकलवाला थांबला, आमच्याकडे पाहून निघून गेला. मागून कुणी येत नव्हतं. येत असतं तर, हा विचार मी अजूनही अर्धवट सोडून देतो.

घरी येईपर्यंत पुतण्या बोलला नाही. मग म्हणाला, “माझीच चूक. अब्बांनी चालवली असती तर नीट चालवली असती.”

हे मात्र मला ऐकवेना. जेवण झाल्यावर खोका स्वयंपाकघरात आणला, टेबलावर ठेवला आणि झाकणावरचं सगळं वाचून दाखवलं. आधीच वाचलं होतं, हेही सांगितलं. पुतण्या बराच वेळ झाकणाकडे पाहत बसला. माझ्याकडे पाहिलं नाही. भाबीच बोलली. “मला म्हणाले होते ते. परत पाठवायला पोस्टाचा खर्च फार येत होता, म्हणून राहिला माळ्यावर.”

“चाचा, परत वाचा,” पुतण्या म्हणाला. मी वाचलं. “पावसात कुठलं?” मी बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीखाली शिरला. मला हाक मारली नाही. दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा बार फरशीवर होता. कप घेतला आणि पाना पुढे केला, तेव्हा मी खाली बसलो. चार भोकांत मेण सोडलं, रबरी बुचं बसवली.

परवा त्याचा फोन आला. एक बुच गळून पडलंय, कुठल्या मापाचं आणू?

म्हटलं, तीन सुताचं.

“म्हणजे किती, चाचा?”